३८० रुपयांचा वजनकाटा आणि पळीभर तेलाचा हिशेब

धुळ्याच्या आग्रा रोडवरील एका भांड्यांच्या दुकानातून मी गेल्या पावसाळ्यात स्वयंपाकघरात वापरायचा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा ३८० रुपयांना घेतला. १० किलोपर्यंत वजन पेलणारा आणि १ ग्रॅमच्या फरकाने आकडा दाखवणारा हा पांढरा काटा निरनिराळ्या नावांनी सगळीकडे विकला जातो, म्हणून येथे छापाविषयी न लिहिता सहा महिन्यांच्या वापराविषयी लिहिते.

वजन उतरवण्यासाठी मी मोबाइलवरील एका ॲपमध्ये रोजचे जेवण नोंदवत होते. त्याने नेमून दिलेल्या १२०० उष्मांकांच्या आत राहण्यासाठी अर्ध्या भाकरीवर ताटावरून उठत होते, दुपारी चारला डोके धरून बसत होते, आणि तरीही दोन महिन्यांत ७२ किलोचा आकडा जागचा हलला नव्हता. ‘शेवभाजी, एक वाटी’ असे शोधले की ॲप पाच-सहा वेगवेगळे आकडे दाखवत असे आणि खरे सांगायचे तर मी त्यांतला सर्वांत लहान आकडा निवडत असे.

काटा घरी आणल्यावर प्रथम १० रुपयांची १० नाणी ठेवून पाहिली. एका नाण्याचे वजन ७.७ ग्रॅमच्या आसपास असते आणि काट्याने ७७ दाखवले. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. ‘‘पीठ मोजी ऱ्हायनी का सोनं?’’ एवढेच त्या म्हणाल्या. त्यांचीच तेलाची पळी मी त्यानंतर काट्यावर ठेवली आणि तिथे माझा हिशेब फसला. ज्या पळीला मी ॲपमध्ये ‘एक चमचा’ म्हणत होते, तिच्यात २२ ग्रॅम तेल मावत होते. एक ग्रॅम तेलात ९ उष्मांक धरले तर एका पळीचे १९८ होतात, आणि आमच्या चौघांच्या शेवभाजीत, तवंग यायलाच हवा म्हणून, चार पळ्या पडतात. संध्याकाळी येता-जाता तोंडात टाकलेले मूठभर शेंगदाणे ३८ ग्रॅम भरले. तेही जवळजवळ २०० उष्मांक. आठवडाभर सर्व काही तोलल्यावर कळले की मी १२०० नव्हे, १७०० च्या आसपास खात होते.

उलट, जिच्यावर मी कात्री चालवली होती ती कळण्याची भाकरी निर्दोष निघाली. ८० ग्रॅम पिठाच्या भाकरीचे २७० च्या आतच उष्मांक होतात आणि ज्वारीला उडदाची जोड असल्यामुळे तिच्यातून प्रथिनेही मिळतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींत ५५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या स्त्रीची ऊर्जेची सरासरी गरज दिवसाला १६६० उष्मांक धरली आहे. मग ७२ किलोच्या बाईने १२०० वर दिवस काढायचा हट्ट कशासाठी? मी मर्यादा १५०० केली, भाकरी पूर्ण खाल्ली, घट्ट वरणाची एक वाटी वाढवली आणि तेल निम्म्यावर आणले. वांग्याच्या भरिताला त्याने काही बाधा आली नाही. शेवभाजीला आली, हे मान्य करते. गेल्या चार महिन्यांत साडेतीन किलो वजन उतरले आणि दुपारची डोकेदुखीही थांबली.

तोलण्याची पद्धत मात्र बसवावी लागते. भाकरीपेक्षा पीठ आणि शिजलेल्या वरणापेक्षा कोरडी डाळ तोलावी, कारण पाणी कमी-अधिक झाले की शिजलेल्या पदार्थाच्या वजनाला अर्थ उरत नाही. याच संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटक तक्त्यांत ५२८ खाद्यपदार्थ आहेत. ज्वारी, डाळ, शेंगदाणे यांचे आकडे मी तिथूनच घेते, कारण ॲपमधल्या नोंदी कोणी भरल्या हे कळत नाही. भाजी एकत्र शिजत असेल तर सर्व जिन्नसांचे उष्मांक मिळवून घ्यावेत, कढईसह भाजी तोलून रिकाम्या कढईचे वजन वजा करावे आणि आपल्या ताटात आली तेवढ्याचा हिस्सा काढावा.

आता काट्याचे दोष. तेल थेंबाथेंबाने ओतले तर तो जागचा हलत नाही. अगदी सावकाश वाढणारे वजन तो शून्याच्या आसपासची थरथर समजून सोडून देतो. त्यावर उपाय म्हणून तेलाची बरणीच काट्यावर ठेवून आकडा शून्य करावा आणि तेल काढून बरणी परत ठेवावी. उणे चिन्हासह दिसणारा आकडा म्हणजे वापरलेले तेल. दुसरा दोष अधिक चीड आणणारा आहे. दोन-तीन मिनिटे हात लागला नाही की काटा आपोआप बंद होतो आणि शून्य केलेले भांडे विसरतो, त्यामुळे दारात कोणी आले की पीठ पुन्हा तोलावे लागते. हळद-मिठासाठी तो निरुपयोगी आहे, पण त्यांना मोजायचे कारणही नाही. सोबत मिळालेले दोन सेल चार महिन्यांत संपले आणि संपण्यापूर्वी आठवडाभर आकडे भरकटत होते, तेव्हा नाण्यांची परीक्षा अधूनमधून पुन्हा घ्यावी.

लग्नाच्या पंगतीत मी काटा नेत नाही. तुपात बुडवलेल्या बट्ट्यांचा अंदाज आता डोळ्यांनी येतो, आणि तो पूर्वीपेक्षा बराच मोठा येतो. कढईचे वजन, १२४० ग्रॅम, मी तिच्या बुडाला मार्करने लिहिले होते. घासताना ते पुसले गेले, म्हणून आता ते फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहिले आहे.