हॉलमधल्या टीव्हीला बझाइट लावलं, सहा महिने वापरून सांगतोय

आमच्या टीव्हीखाली एक जुना पीसी आहे, इंटेलचा आय 5 7400 प्रोसेसर, 16 जीबी रॅम, आणि नंतर टाकलेलं एएमडीचं आरएक्स 6600 ग्राफिक्स कार्ड. त्यावर विंडोज 10 होतं. 14 ऑक्टोबर 2025 ला त्याचा सपोर्ट संपला आणि विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतोय, माझा सातवा. चांगलं चालणारं मशीन भंगारात घालायला जीव होईना. आणि तसंही विंडोज टीव्हीसमोर मला कधी पटलं नाही, सोफ्यावर बसून मांडीवर माऊस घासायचा, मध्येच अपडेटची खिडकी उघडायची, आई तर त्या पीसीला हातच लावायची नाही.

मग बझाइट टाकलं. हे लिनक्सच आहे, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी सिस्टीम, फेडोरा नावाच्या लिनक्सवर बांधलेलं, युनिव्हर्सल ब्लू नावाच्या प्रोजेक्टमधनं आलेलं, फुकट. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम डेकवर, म्हणजे हातात धरून खेळायच्या मशीनवर, जसं स्टीमओएस चालतं तसाच गेमिंग मोड यात मिळतो, म्हणजे पीसी चालू केला की डेस्कटॉप नाही, थेट कंट्रोलरनं चालणारा मोठ्या अक्षरांचा स्क्रीन. डाऊनलोड करायच्या आधी साइट विचारते की मशीन कुठलं, ग्राफिक्स कार्ड कुठलं, गेमिंग मोड पाहिजे का, आणि त्यानुसार फाईल देते. तिथं नीट उत्तरं द्या, घाई करू नका. सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी सिस्टीम चालू होऊ न देणारी पीसीतली सोय, चालू असेल तर पहिल्यांदा चालू होताना एक निळा स्क्रीन येतो आणि पासवर्ड मागतो, बरेच जण तिथंच घाबरून बंद करतात. घाबरायचं काही नाही, तिथं इंग्रजीत सगळी छोटी अक्षरं, स्पेस न देता युनिव्हर्सलब्लू टाकायचं की झालं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. पावसाळ्यात आमच्यात लाईटचा भरवसा नसतो, एका संध्याकाळी अपडेट चालू असतानाच लाईट गेली, टीव्हीचा कोपरा इन्व्हर्टरवर नाही त्यामुळं पीसी धाडकन बंद. माझ्या पोटात गोळाच आला कारण मागं विंडोजला असंच झालं होतं आणि सगळा रविवार रिपेअर करण्यात गेला होता. लाईट आल्यावर बटण दाबलं, तर जसं होतं तसं चालू! यात चालू सिस्टीमला अपडेट हात लावतच नाही, नवीन सिस्टीमची अख्खी कॉपी बाजूला तयार होते आणि ती पूर्ण झाली तरच पुढच्या रीस्टार्टला त्यावर जातं, आणि जुनी तशीच शिल्लक राहते, नवीनमध्ये काय बिघडलं तर चालू होताना मेनूतनं जुनी निवडायची. सिस्टीमच्या फाईली तर केवळ वाचण्यापुरत्या उघड्या असतात त्यामुळं घरातल्या कुणी काहीही दाबलं तरी सहजासहजी मोडत नाही. घरातल्या सगळ्यांनी वापरायचं मशीन असंच पाहिजे, मला तरी ग्राफिक्सपेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

गेमचं म्हणाल तर विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्यातनं ते चालतात, व्हॉल्व्हनं ते 2018 ला आणलं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीचा राजी हा गेम पोरानं पूर्ण केला, एकदाही अडकला नाही. बायको आणि पोरगं स्टार्ड्यू व्हॅलीत स्प्लिट स्क्रीन करून शेती करतात, रात्री जेवण झाल्यावर तासभर रोज. टीव्ही 4के आहे पण कार्डाला 4के झेपत नाही, म्हणून गेम 1080 वर ठेवून साइडच्या मेनूतनं एफएसआर, म्हणजे कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून ठळक दाखवायची सोय, चालू करतो, सोफ्यावरनं चित्र छान दिसतं. गेम चालू असतानाच स्लीपला टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी तिथनंच पुढं, हे तर लई भारी, पोराला जेवायला हाक मारली की आता भांडण होत नाही.

पिक्चरसाठी कोडी नावाचं व्हिडिओ-फोटो बघायचं ॲप टाकलं, ते स्टीमच्या लायब्ररीतच जोडून घेतलं त्यामुळं गेमच्या शेजारी त्याचं चित्र दिसतं. त्यात आमच्या लग्नाची कॅसेट, आमच्या कोल्हापुरातल्या पंचगंगा घाटावरच्या दिवाळी पहाटेचे व्हिडिओ, वडिलांचे फोटो सगळं भरलंय. फोल्डरांची नावं मराठीत आहेत, ती बरोबर दिसतात. आई आता स्वतः बटण दाबून, कंट्रोलर घेऊन ते लावते.

आता जे होत नाही ते पण ऐका. शिवाजी पेठेतला भाचा आला की त्याला फुटबॉल पाहिजे, शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल टीमच्या मॅचा बघून आलेलं पोरगं ते, दुसरं काय मागणार. पण ईए कंपनीचा एफसी हा फुटबॉलचा गेम यावर चालत नाही कारण त्यांचं अँटी-चीट, म्हणजे फसवून खेळणारे पकडणारं सॉफ्टवेअर, लिनक्सला घेत नाही. व्हॅलोरंट नाही, फोर्टनाइट नाही, जीटीए 5 ची स्टोरी चालते पण ऑनलाइन नाही. भाच्याचं तोंड पडलं की मला खरंच वाईट वाटतं, यात बझाइटची चूक नाही, गेम कंपन्यांनीच दार बंद ठेवलंय. तुमच्या घरात हेच गेम रोज खेळत असतील तर हे टाकू नका, सरळ सांगतो.

ओटीटीचं 4के पण लिनक्सच्या ब्राऊझरमध्ये मिळत नाही, कॉपी प्रोटेक्शनमुळं. त्यासाठी आम्ही टीव्हीतलंच ॲप वापरतो. टीव्हीच्या रिमोटनं पीसी चालवायची आशा पण सोडा, पीसीच्या ग्राफिक्स कार्डांत ती सीईसीची सोय सहसा नसते, वेगळा यूएसबी अडॅप्टर घ्यावा लागतो. आणि 4के 120 हर्ट्झवाला, म्हणजे सेकंदाला 120 वेळा चित्र बदलणारा, टीव्ही असेल तर एएमडी कार्डवर एचडीएमआयनं अडचण येते, त्यासाठी एचडीएमआय 2.1 लागतं आणि 2024 ला एचडीएमआयचे नियम ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमनं ते एएमडीच्या लिनक्सवरच्या ओपन सोर्स ड्रायव्हरमध्ये द्यायला नकार दिला होता. माझा टीव्ही 60 हर्ट्झचा आहे त्यामुळं मला फरक पडला नाही.

कार्ड घ्यायचं असेल तर एएमडीचंच बघा, एनव्हिडियावर गेमिंग मोड तितका पक्का नाही. शाहूपुरी, राजारामपुरीच्या बाजूला कुणाला ट्राय करायचं असेल तर माझ्याकडं पेनड्राईव्ह तयार आहे, घरी या, आधी आमच्या टीव्हीवर चालवून बघा आणि मग घेऊन जावा. फक्त येताना आपलं ग्राफिक्स कार्ड कुठलं ते बघून या, एएमडीची फाईल आणि एनव्हिडियाची फाईल वेगळी असते.