ट्रेमधलं काळं तेल दाखवून 1,12,900 रुपये उकळले! ठाणे-नवी मुंबईतल्या फोर-बाय-फोरवाल्यांनो, जपून

गाडीतून जळका वास येतोय, एवढंच तुम्ही सांगायचं. पुढचं सगळं या लोकांचं तयार असतं. माझे 1,12,900 रुपये गेले आहेत आणि संताप अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय. रस्त्यावरचं कुठलं तरी गॅरेज मी धरलं नव्हतं, हेही आधीच सांगते. नवी मुंबईच्या एमआयडीसी पट्ट्यातलं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम करणारं गॅरेज होतं, ओळखीतूनच कळलेलं.

गाडी आठ वर्षांची, डिझेल, ऑटोमॅटिक, फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ओढ मिळणारी. पावसात जुन्नरकडे गावी गेलो होतो. शेताच्या वाटेवर चिखलात रुतली, ती फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांच्या हळू पण जास्त ओढीच्या गिअरमध्ये टाकून व्यवस्थित बाहेर काढली आणि माळशेजमार्गे ठाण्याला आलो. सोसायटीत गाडी लावली तर खालून उग्र जळका वास, थोडासा धूर आणि फरशीवर लाल थेंब. गिअर मात्र नेहमीसारखे पडत होते. डी-ला टाकल्यावर धक्का नाही, उशीर नाही, नुसतीच रेस वाढून गाडी जागच्या जागी असंही नाही.

गॅरेजमधल्या फोरमनचा पहिलाच प्रश्न, "ताई, चिखलात घातली होती का?" मी हो म्हटलं आणि तिथेच त्याला धागा मिळाला. चाकं जागेवर गरगरली की टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात, तेल घुसळून तापतं, फार तापलं की जळतं, मग क्लच प्लेटा जातात, असं त्याने समजावलं. हे खोटं नाही, खरंच असं होतं. म्हणून तर पटलं. स्कॅनिंगचे 1,500 घेतले. दुपारी फोन आला, "ताई, येऊन डोळ्यांनी बघा." गेले तर ट्रेमध्ये डांबरासारखं काळं तेल, तळाशी चकचकीत चुरा. "गिअरबॉक्स खलास."

तो क्षण मला अजून झोपू देत नाही. गिअरबॉक्समधलं तेल इतकं काळं असेल, तर त्याच गिअरबॉक्समधून माझ्या फरशीवर लाल थेंब पडलेच कसे? ऑटोमॅटिकचं तेल, एटीएफ, बहुतेक गाड्यांत लाल असतं. जळलं की तपकिरी होतं, काळं पडतं. माझ्या थेंबांचा फोटो माझ्याच मोबाइलमध्ये होता! तो काढून त्याच्या तोंडासमोर धरला असता तर खेळ तिथेच संपला असता. पण गाडी लिफ्टवर, भोवती चार माणसं, फोरमन बोटावर चुरा चोळून दाखवतोय आणि वर म्हणतोय, "अशीच चालवलीत तर घाटात बंद पडेल. घरची माणसं असतात ना सोबत?" सासूबाईंना मी याच गाडीतून दवाखान्यात नेते. तिथे उभं राहून तेलाचा रंग कोण ताडून बघेल?

हिशेब असा: रीकंडिशन टॉर्क कन्व्हर्टर 48,000, क्लच प्लेट किट 31,500, एटीएफ नऊ लिटर 9,900, मजुरी 22,000. स्कॅनिंग धरून 1,12,900. आधी 60,000 आगाऊ, उरलेले गाडी घेताना. पैसे यूपीआयने, तेही गॅरेजच्या नव्हे, कुणा तिसऱ्याच माणसाच्या खात्यावर. पक्कं बिल मागितलं तर "वर 18 टक्के जीएसटी लागेल." जुने भाग मागितले तर "ते एक्स्चेंजमध्ये गेले." काम सांगतानाच लिहून घ्या की जुना माल मला परत हवा. नाही म्हणाला तर गाडी तशीच बाहेर काढा.

त्याच आठवड्यात घोडबंदर रोडला, गायमुखच्या चढावर तोच वास. फोन केला तर म्हणे नवीन पार्ट आहेत, सेट व्हायला वेळ लागतो. शेवटी कोळशेतच्या एका वयस्कर मेकॅनिकने गाडी रॅम्पवर घेतली, टॉर्च मारला आणि बोट दाखवलं. तेल थंड करणाऱ्या कूलरकडे जाणाऱ्या पाइपचा रबरी जोड पाझरत होता आणि थेंब गरम सायलेन्सरच्या पाइपवर पडून जळत होते. वास तेवढ्याचाच! गिअरबॉक्सच्या चेंबरच्या, म्हणजे खालच्या तेलाच्या भांड्याच्या, बोल्टांवर जुनी माती घट्ट बसलेली, कंपनीच्या रंगाच्या खुणा जशाच्या तशा. चेंबर कधी उघडलंच नव्हतं. ट्रेमधलं तेल दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचं. पाइप, क्लॅम्प, वरून घातलेलं तेल आणि मजुरी मिळून 3,200 रुपये. बोल्टांचे फोटो तिथेच काढून घेतले. तुम्हीही गाडी देण्याआधी खालून फोटो काढून ठेवा.

आता पोलीस. घराजवळच्या पोलीस ठाण्यात गेले तर "गॅरेज नवी मुंबई आयुक्तालयात, आमची हद्द नाही." तिकडे गेले तर "तुम्ही राहता ठाण्यात, आणि गाडी तर चालतेय ना, मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. तिच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द कुठलीही असली तरी देता येते. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे. हे मी कागदावर लिहून नेलं होतं. साहेबांनी कागद वाचला, घडी घालून परत दिला आणि "ताई, पक्कं बिल का नाही घेतलं?" असं मलाच विचारलं. चोरी त्यांनी करायची आणि उलटतपासणी माझी! अर्जाची पोच मागितली तर शिक्का मारणारा माणूस जेवायला गेलेला. तासाभराने आला तेव्हा साहेब बंदोबस्ताला निघून गेले. सामान्य माणसाने कंटाळून घरी जावं, एवढीच तिथे सगळ्यांची इच्छा दिसली.

ग्राहक आयोगाचा रस्ता त्या मानाने बरा आहे. 2019 च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. पक्कं बिल नसलं तरी यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप हाताशी ठेवा, काहीही पुसू नका. मी आधी वकिलामार्फत नोटीस पाठवली. लगेच फोरमनचा फोन, "ताई, दहा हजार घ्या आणि विषय मिटवा." जो माणूस काम चोख केल्याच्या शपथा घेत होता, तो दहा हजार कशाचे देतोय? नाही म्हणून सांगितलं. तक्रारीत पूर्ण 1,12,900 आणि त्यावर व्याज मागितलं आहे.