कवळीच्या फेसवाल्या गोळ्या : घ्या, पण ब्रश सोडू नका

सासऱ्यांची कवळी साफ करायला मेडिकलमधून या गोळ्या आणायला लागून बरेच महिने झाले म्हणून लिहितेय. अण्णा आधी कवळीसुद्धा टूथपेस्टनेच घासायचे, तेही चांगला जोर लावून, आणि रात्री तोंडात ठेवूनच झोपायचे. मग टाळूला लाल चट्टा उठला, बरोब्बर कवळीच्या आकाराचा. डेंटिस्ट मॅडम म्हणाल्या फंगस आहे, पेस्टने अ‍ॅक्रिलिकवर (कवळीचं प्लास्टिक) बारीक ओरखडे पडतात आणि त्यात तो घर करतो. औषध दिलं आणि रात्री कवळी काढायचीच असं बजावलं. अण्णा म्हणे चोर आला तर बोबडं ओरडू का! मग जपानमधला 2015 चा अभ्यास वाचून दाखवला, 85 च्या पुढच्या 524 लोकांचा, कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त. तेव्हा कुठे ऐकलं.

तर गोळी. कोमट पाण्यात टाकली की ईनोसारखी फसफसते (उकळतं पाणी नको हां, कवळी वाकते). वास जातो, चहाचे डाग फिके होतात, हे अगदी खरंय. सुपारीचा जुना काळा थर मात्र जैसे थे, तो डेंटिस्टकडेच काढून घ्या. आणि आतली गुलाबी बाजू, जी हिरडीला टेकते, तिथला बुळबुळीतपणा नुसतं भिजवून निघतच नाही, आधी मऊ ब्रश आणि लिक्विड सोपचा थेंब लावून घासायलाच लागतं. घासताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवा, ओली कवळी हातातून सटकते आणि पडली की दोन तुकडे. किती वेळ बुडवायची ते पाकिटावर असतं, नंतर रात्रभर साध्या पाण्यात ठेवायची, सुकू द्यायची नाही, आणि तोंडात घालण्याआधी नळाखाली खळखळून धुवायची. काही गोळ्यांमध्ये परसल्फेट नावाचं साफ करणारं रसायन असतं, त्याची कुणाकुणाला अ‍ॅलर्जी येते. ज्यांच्या कवळीला तारेचे हुक आहेत त्यांनी मेटलला चालते का बघून घ्या.

एक स्टार कापलाय तो पॅकिंगचा. म्हाताऱ्या माणसांसाठीची वस्तू आणि फॉइल इतकं चिवट की थरथरत्या हातांनी फाटत नाही, अण्णा दातांनी फाडू म्हणतात तर दात डबीत! मी आठवड्याच्या गोळ्या आधीच कापून देते. डिमेन्शिया असलेलं कुणी घरात असेल तर पाकीट हाताशी ठेवूच नका, चघळायची गोळी समजून तोंडात टाकतील. 4/5.