टर्मिनलवरून फाइल उघडणारे एक्सडीजी-ओपन : परीक्षण

फोंड्यातील आमच्या छपाईच्या दुकानात जत्रांच्या पत्रिका, नाटकांची हस्तपत्रके आणि एक-चौदाच्या (गोव्यातील जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती अशा निरनिराळ्या प्रकारच्या फायली दिवसभर येत असतात. आमचे संगणक लिनक्स या कार्यप्रणालीवर चालतात. फायली शोधणे, त्यांची नावे बदलणे आणि त्या योग्य फोल्डरमध्ये लावणे हे काम आम्ही टर्मिनलवरच, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतच, करतो. त्यामुळे सापडलेली फाइल तिथूनच उघडता यावी, त्यासाठी माउस हाती घेऊन तोच फोल्डर पुन्हा शोधावा लागू नये, ही रास्त अपेक्षा आहे. एक्सडीजी-ओपन ही आज्ञा ती अपेक्षा उत्तम रीतीने पूर्ण करते, मात्र तिच्यामागची व्यवस्था आधी लावून घेतली तरच.

ही आज्ञा स्वतः एकही फाइल उघडत नाही. लिनक्स डेस्कटॉपसाठी समाईक नियम ठरवणाऱ्या फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पाच्या एक्सडीजी-युटिल्स या संचातील ती एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे टर्मिनलच्या आज्ञा ओळीने लिहिलेली फाइल, आहे. लिनक्सवर खिडक्या-चिन्हांची व्यवस्था पाहणारे डेस्कटॉप निरनिराळे असतात; संगणकावर ग्नोम हा डेस्कटॉप असेल तर ती त्याच्या जीआयओ या आज्ञेकडे, केडीई असेल तर केडीई-ओपनकडे आणि एक्सएफसीई असेल तर एक्सो-ओपनकडे काम सोपवते. यांपैकी काहीच आढळले नाही, तर फाइलचा प्रकार ओळखून त्यासाठी नेमलेला प्रोग्राम स्वतः शोधते. प्रकार केवळ नावापुढील (पीडीएफ, जेपीजी अशा) विस्तारावरून ठरत नाही, ही मला विशेष मोलाची गोष्ट वाटते. नावावरून उलगडा झाला नाही, तर फाइलच्या आरंभीचे बाइट तपासले जातात आणि पीडीएफच्या आरंभी तशी खूण असतेच, म्हणून ग्राहकाने विस्तार न लावता पाठविलेली पत्रिकाही बहुधा योग्य ठिकाणीच उघडते.

खरी अडचण येते ती प्रोग्रामच्या निवडीत. पीडीएफ आपणही उघडू शकतो, असे गिम्पसारखा चित्रांचा प्रोग्रामही आपल्या डेस्कटॉप फाइलीत (प्रोग्रामची माहिती देणाऱ्या छोट्या मजकूर-फाइलीत) जाहीर करतो. वापरणाऱ्याने किंवा लिनक्सच्या वितरणाने (उबुंटूसारख्या तयार संचाने) काहीच ठरवून ठेवले नसेल, तर अशा दावेदारांपैकी कोण पुढे येईल याचा भरवसा नसतो; नुसता वाचायचा उतारा एकाएकी चित्र-संपादकात उघडतो आणि पृष्ठे आयात करण्याची खिडकी समोर येते. यावर उपाय सोपा आहे. एक्सडीजी-माइम या जोड-आज्ञेला ‘क्वेरी डिफॉल्ट’ म्हणून विचारले की त्या प्रकारासाठी सध्या कोण नेमलेला आहे ते कळते आणि ‘डिफॉल्ट’ म्हणून आपल्या पसंतीच्या प्रोग्रामची डेस्कटॉप फाइल सांगितली की निवड पक्की होते. पीडीएफ, जेपीजी, टिफ आणि ओडीटी या चार प्रकारांसाठी एवढे केले, तरी आमच्यासारख्या दुकानाचे बहुतेक काम भागते. नव्या माणसाला ही पायरी कोणी सांगत नाही आणि तो सगळा दोष एक्सडीजी-ओपनला देतो, याचे मला वाईट वाटते.

दोन मर्यादा मात्र खऱ्या आहेत. ही आज्ञा एका वेळी एकच फाइल घेते. दुसरे नाव जोडले की ती चूक दाखवून थांबते, त्यामुळे संपूर्ण फोल्डर उघडायचा असेल तर शेलमध्ये लूप (प्रत्येक फाइलसाठी तीच आज्ञा पुन्हा चालवणारी रचना) लिहावा लागतो. ग्नोमवर काम करणाऱ्यांनी थेट ‘जीआयओ ओपन’ वापरावे, ते अनेक फायली स्वीकारते. दुसरी मर्यादा अशी की हीच फाइल या खेपेस वेगळ्या प्रोग्राममध्ये उघड, असे तिला सांगता येत नाही. मॅकवरील ‘ओपन’ आज्ञेत त्यासाठी ‘ए’ हा पर्याय आहे. इथे त्या प्रोग्रामचे नाव टाइप करूनच तो सुरू करावा लागतो.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना तिचे परतीचे अंक (काम संपल्यावर आज्ञा कळवते ते निकालाचे आकडे) उपयोगी पडतील : फाइल अस्तित्वात नसेल तर २, आवश्यक साधन सापडले नाही तर ३ आणि उघडण्याची क्रियाच फसली तर ४. फाइलच्या मराठी नावात मोकळी जागा असेल, तर ते अवतरणचिन्हांत द्यावे, एवढी काळजी पुरते.

केलेल्या सगळ्या निवडी वापरणाऱ्याच्या कॉन्फिग फोल्डरातील माइमॲप्स नावाच्या छोट्याशा मजकूर-फाइलीत साठतात. ती नव्या संगणकावर नेली की त्याच निवडी तिथेही लागू होतात. फक्त ते प्रोग्राम तिथे बसवलेले असावेत आणि त्यांच्या डेस्कटॉप फायलींची नावे तीच असावीत, कारण फ्लॅटपॅक या प्रोग्राम-वाटपाच्या पद्धतीतून घेतलेल्या प्रोग्रामच्या डेस्कटॉप फाइलचे नाव पुष्कळदा वेगळे असते.