अबार्थ दाखवली, पोलो गळ्यात मारली

कोल्हापुरात पाच-साडेपाच लाखांत पळणारी जुनी हॅचबॅक शोधत असाल आणि एजंटानं तुमच्यासमोर एकाच वेळी दोन गाड्या उभ्या केल्या असतील, तर विसार द्यायच्या आधी हे वाचा. मला फसवायचं निम्मं काम त्या दोन गाड्या शेजारी लावल्या तिथंच झालं होतं.

आधी या गाड्यांचा बाजार समजून घ्या, कारण खेळ तिथूनच सुरू होतो. फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, फियाटची अबार्थ पुंतो, बलेनो आरएस, टियागो जेटीपी या सगळ्या टर्बो इंजिनाच्या गाड्या आता बंद झाल्यात. नवी घ्यायची म्हटलं तर शोरूमला मिळत नाही, आणि जुन्या बाजारात मोजक्याच फिरतात. एखाद्या साध्या स्विफ्टचा भाव काढायचा तर उद्यमनगरात कुणीही सांगेल. अबार्थचा भाव कोण सांगणार? विकणारा म्हणेल तो. त्यात या गाड्यांचं गिऱ्हाईक तिशीतलं, डोक्यात टर्बो शिरलेलं, घरी 'मारुतीच घे की' म्हणणाऱ्या वडिलांशी आधीच भांडून आलेलं. अशा माणसाला नुसतं एवढं विचारायचं असतं, 'ही का ती?'

हायवेच्या कडेला एका शेडमध्ये मला तेच विचारलं गेलं. नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. शेडमध्ये गाड्यांना पॉलिश आणि कोटिंग करायचं काम चालतं, पुढच्या बाजूला विकायच्या गाड्या. (पॉलिशचं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.) डावीकडं पांढरी अबार्थ, लाल पट्टेवाली. उजवीकडं २०१६ ची पोलो जीटी टीएसआय, एमएच-१४ पासिंग, मीटरवर ३८ हजार किलोमीटर.

कागदावर बघाल तर अबार्थपुढं पोलो काहीच नाही. १.४ लिटरचं टी-जेट इंजिन, १४५ बीएचपी, २१२ न्यूटन-मीटर टॉर्क, चारही चाकांना डिस्क ब्रेक. २०१५ मध्ये आली तेव्हा एक्स-शोरूम १० लाखांच्या आत इतकी ताकद देणारी दुसरी हॅचबॅक आपल्याकडं नव्हती. पोलोचं इंजिन १.२ लिटर, १०५ पीएस, १७५ न्यूटन-मीटर, पण सोबत सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मी गेलो होतो अबार्थच्या ओढीनं, आणि एजंटानं काय करावं? स्वतःच्या दारातल्या अबार्थला नावं ठेवायला सुरुवात केली.

"दादा, खरं सांगू का, ही घेऊ नका. फियाट गेली इथनं. पार्टसाठी पुण्या-मुंबईला फोन करत बसाल. ग्राउंड क्लिअरन्स १५५ एमएम, चौघं बसली की स्पीडब्रेकरला पोट घासतंय. परत विकायला काढली तर गिऱ्हाईक मिळत न्हाई. मला काय, दोन्हीत कमिशन तेवढंच. पर उद्या तुम्ही मला शिव्या घालायला नकोत."

यातला अबार्थबद्दलचा शब्दन् शब्द खरा होता. तिथंच माणूस विरघळतो. स्वतःच्या मालाचा दोष सांगणारा विक्रेता आपल्याला हरिश्चंद्र वाटतो, आणि एका गाडीबद्दल त्यानं दाखवलेला खरेपणा आपण परस्पर दुसऱ्या गाडीच्या खात्यावर जमा करतो. पोलोबद्दल तो एवढंच बोलला, "हिच्यात बोलायसारखं काय न्हाईच. डॉक्टरांची गाडी. पावसात सुद्धा काढत नव्हते."

टेस्ट ड्राइव्हचे रस्तेही त्यानंच ठरवले. अबार्थ त्यानं लक्ष्मीपुरीच्या गर्दीत घातली, भर बाजाराच्या वेळी. जड क्लच, दर दहा फुटांवर रिक्षा, एका स्पीडब्रेकरला खालून खर्रकन आवाज. "ऐकलासा?" म्हणाला. पोलो मात्र कागलच्या दिशेनं हायवेला. गेलो तेव्हा इंजिन आधीच गरम होतं, 'धुऊन आणली नुकती' हे कारण. मोकळ्या रस्त्यावर डीएसजी लोण्यासारखा चालतो, त्यात वाद नाही. पण या गिअरबॉक्सची खरी परीक्षा असते गर्दीत, चढाला आणि थंड इंजिनाला. म्हणजे ज्या रस्त्यावर पोलो बघायची तिथं मला अबार्थ दिली, आणि अबार्थच्या रस्त्यावर पोलो.

परत आलो तोवर त्याच्या फोनवर इचलकरंजीचं गिऱ्हाईक. "उद्या सकाळी येतो म्हणतंय, पोलोच पाहिजे त्याला." ही जुनी युक्ती आहे हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तरी ती चालते.

सौदा ५ लाख ४० हजारांवर ठरला. ३ लाख ५० हजार बँकेतून, १ लाख ९० हजार रोख. रोखीचा आकडा असा का, हे नंतर वकिलांनी सांगितलं: एका व्यवहारात दोन लाख किंवा त्यावर रोख घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे, म्हणून ही मंडळी बरोबर त्याच्या खाली राहतात. पावती फक्त साडेतीन लाखांची, आणि तिच्या तळाला बारीक अक्षरात 'गाडी आहे त्या स्थितीत तपासून घेतली'. आरसी, मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वरच्या सह्या, इन्शुरन्स सगळं वेळेवर मिळालं. बँकेचा बोजा नव्हता. ट्रान्सफर बिनबोभाट झाली. कागदाच्या बाजूनं गाडी स्वच्छ असली की माणूस लोखंडाकडं बघतच नाही.

हिवाळा-उन्हाळा गाडी नाद खुळा चालली. मृगाचा पाऊस सुरू झाला आणि एसी लावला की आत ओलसर वास यायला लागला. मग एअरबॅगचा दिवा कधी लागायचा, कधी विझायचा. एका रविवारी पन्हाळ्याला निघालो, तर वाघबीळच्या चढाला मीटरमधला गिअरचा आकडा लुकलुकायला लागला आणि गाडीची ओढच गेली. कडेला घेतली, रिव्हर्स पडेना. या गिअरबॉक्समध्ये २, ४, ६ आणि रिव्हर्स एका क्लचवर असतात, १, ३, ५, ७ दुसऱ्यावर. त्यामुळं एक बाजू मेली की निम्मे गिअर आणि रिव्हर्स एकदमच जातात. टो करून वर्कशॉपला नेली. मेकॅट्रॉनिक्स, म्हणजे गिअरबॉक्स चालवणारं इलेक्ट्रॉनिक युनिट, बदलायचं दीड लाखापुढचं एस्टिमेट हातात पडलं.

तिथून ती उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडं नेली. वय साठीच्या पुढं, २०१९ आणि २०२१ दोन्ही पुरांत बुडालेल्या गाड्यांचा ढीग उपसलेला माणूस. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. मागच्या सीटचा बेल्ट धरला आणि ओढत गेले, ओढत गेले, पार शेवटपर्यंत. जो भाग एरवी कधी बाहेर येतच नाही, त्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर तपकिरी रेघ होती. बोटानं खरवडली तर नखात माती आली. मग ड्रायव्हर सीट मागं सरकवून रेलवरचे बोल्ट दाखवले, गंजून फुगलेले. गालिचा मात्र कोरा. "आठ वर्सांच्या गाडीत नवा गालिचा कोण घालतंय?" सीटखालचा वायरिंगचा कप्लर सोडवला, तर आतल्या पितळी पिना हिरव्यागार. स्टेपनी काढून खालच्या खोलग्यातून त्यांनी चिमूटभर बारीक गाळ उचलला, चोळला, आणि म्हणाले, "ह्यो पंचगंगेचा न्हवं. आपली माती काळी. ही तांबडी हाय, कोकणची."

मातीच्या रंगावरून कोर्टात काही सिद्ध होत नाही, पण पुढचं सगळं त्यावरून उलगडलं. त्यांच्या ओळखीच्या पोरानं स्कॅनर लावला. इंजिनच्या ईसीयूमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये, साठवलेला चेसिस नंबर एक, आणि काचेखाली ठोकलेला दुसराच. ईसीयू आणि मीटरचा सेट भलत्याच पोलोतून काढून बसवला होता. म्हणजे ३८ हजार किलोमीटर हा आकडा कुणी मागं फिरवलेला नव्हता. तो दुसऱ्याच एका गाडीचा होता. 'मीटर पाडलंय का' असं विचारलं असतं तर एजंट देवाची शपथ घेऊन नाही म्हणाला असता.

गाडीच्या फाइलमध्ये एक जुनी पॉलिसी राहून गेली होती. तिच्यावरच्या नावावरून ओळखीपाळखीनं पहिल्या मालकापर्यंत पोहोचलो. सज्जन माणूस. नोकरीनिमित्त चिपळूणला होता. २२ जुलै २०२१ च्या पुरात पोलो पार्किंगमध्ये छतापर्यंत पाण्यात होती. इन्शुरन्स कंपनीनं टोटल लॉस केला, पैसे दिले, सांगाडा लिलावात गेला. त्याच्या हिशेबी गाडी भंगारात जाऊन संपली होती. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते. गाडी कायमची निकामी झाली तर मालकानं १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं. पण 'कायमची निकामी' कुणी ठरवायची? लिलावात घेणारा म्हणतो, मी दुरुस्त करणार. आरसी जिवंत राहते, आणि जिवंत आरसीच्या जोरावर बुडालेली गाडी परत रस्त्यावर येते. 'डॉक्टर' म्हणून सांगितलेला दुसरा मालक हाच लिलाववाला निघाला.

हे कागदावरही दिसत होतं, फक्त कुठं बघायचं ते माहीत हवं. इन्शुरन्सच्या तारखा ओळीनं मांडा. माझ्या गाडीची २०२१ पर्यंत दरवर्षी फुल पॉलिसी, मग काही महिने काहीच नाही, आणि त्यानंतर नुसती थर्ड पार्टी. चांगल्या पोलो जीटीला नुसती थर्ड पार्टी कोण काढतं? ज्याला विमा कंपनीचा माणूस गाडी तपासायला यायला नको आहे, तो. दुसरं, चेसिस नंबर देऊन अधिकृत वर्कशॉपचा सर्व्हिस इतिहास विक्रेत्यालाच काढायला सांगा. माझ्या गाडीचा तो जून २०२१ ला ६१ हजारांवर थांबला होता.

एजंटाकडं गेलो तर हरिश्चंद्राचा सूर बदलला. "मी मधला माणूस. विकणारा आरसीवरचा मालक. पावती वाचून सही केलीसा न्हवं?" पोलीस ठाण्यात 'दिवाणी बाब आहे' ऐकून परत आलो; भारतीय न्यायसंहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ खाली लेखी तक्रार देऊन पोच घेतली ती दुसऱ्या खेपेला, वकिलासह. मुख्य भिस्त जिल्हा ग्राहक आयोगावर आहे. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्ह्यातच चालतात, तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फीही नाही. अडचण एवढीच की कागदावर माझी गाडी साडेतीन लाखांची आहे.

'मी मधला माणूस' याला वकिलांनी काढलेलं उत्तर उपयोगाचं आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, आणि विक्रीसाठी ताब्यात घेतलेल्या गाडीची ऑनलाइन नोंद करावी लागते. याच्याकडं दोन्ही नव्हतं. शेडमध्ये पाय ठेवल्यावर पहिल्यांदा ते अधिकारपत्र मागा. नसेल तर चहा पिऊन या.

आता अबार्थचं. मधे एका पेट्रोल पंपावर तीच पांढरी गाडी दिसली, लाल पट्टे, तोच नंबर. मालकाला विचारलं, कितीला घेतली? तो चक्रावला. पहिल्यापासून त्याचीच गाडी. विकायला कधी काढलीच नव्हती. त्या दिवसांत कोटिंगसाठी शेडला सोडली होती. माझ्या तुलनेतली एक बाजू मुळात विकाऊच नव्हती. तिच्या नावानं वाईट बोलायला एजंटाला काहीच खर्च नव्हता. मी हट्टानं अबार्थच मागितली असती तर 'बुक झाली' असं उत्तर तयार असणार. त्या मालकानं गाडी कोटिंगला दिल्याची पावती आणि साक्षीचं प्रतिज्ञापत्र दिलंय.

म्हणून दोन गाड्या दाखवल्या तर दोन्हींची आरसी मागा, दोन्हींच्या मालकांशी फोनवर बोला, आणि थंड इंजिनाला स्वतः किल्ली फिरवून दोन्ही एकाच रस्त्यावर चालवा. मिस्त्री तुमचा असावा, त्यानं सुचवलेला नव्हे. बोलणं शक्यतो व्हॉट्सअॅपवर ठेवा. माझ्याकडं त्याचा एक व्हॉइस मेसेज आहे, 'पाणीबिणी काय लागलेलं न्हाई, लिहून देतो'. वकिलांच्या मते अख्ख्या फाइलमध्ये सगळ्यात वजनदार तोच. गेल्या तारखेनंतर एजंटानं गाडी परत घेऊन तीन लाख द्यायची तयारी दाखवली. पूर्ण पाच चाळीस आणि गाडी टो केल्याचा खर्च मिळाल्याशिवाय तडजोड नाही, असं कळवलंय.