बुकमार्कच्या धंद्यात पैसे घालायचे तर कुठे?

बुकमार्किंगचं, म्हणजे वेबपानांचे दुवे जपून ठेवायचं, ॲप किती देखणं आहे ते नंतर बघा. आधी विचारा, पैसे कोण देतो? वापरणारा, जाहिरातदार, की उद्या कंपनी विकत घेईल असा कुणी बडा मासा?

बड्या माशाच्या भरवशावर चाललेल्यांचं काय होतं ते डिलिशस या बुकमार्किंगच्या साइटने दाखवलं. डिसेंबर २००५ मध्ये याहूने ती घेतली, २०११ मध्ये यूट्यूबच्या संस्थापकांना विकली, नंतरही ती हात बदलत राहिली. अखेर २०१७ मध्ये पिनबोर्ड या वर्गणीवर चालणाऱ्या छोट्या प्रतिस्पर्ध्याने ३५,००० डॉलरला उचलली. पुण्याच्या मध्यवस्तीत तेवढ्यात वन-बीएचकेसुद्धा येत नाही. आवडीची नवी पानं सुचवणाऱ्या स्टंबलअपॉनसाठी ईबेने २००७ मध्ये साडेसात कोटी डॉलर मोजले, दोनच वर्षांत ती संस्थापकाकडे परत गेली आणि २०१८ मध्ये बंद पडली. लेख नंतर वाचायला जपणारं पॉकेट २०१७ मध्ये फायरफॉक्सवाल्या मोझिलाकडे गेलं, ८ जुलै २०२५ ला मिटलं. कमावलं ते वेळेत विकून बाहेर पडलेल्यांनी.

दुखणं साधं आहे. दुवा जपून ठेवायची सोय ब्राउझरमध्ये फुकट असते, सिंकसकट. शिवाय सगळे बुकमार्क एका एचटीएमएल फाइलमध्ये काढून गिऱ्हाईक दोन मिनिटांत दुसरीकडे जातं.

‘तुमच्या आवडीचं मुखपृष्ठ’, म्हणजे बातम्या-हवामान आपल्या पसंतीने मांडलेलं पहिलं पान, देणाऱ्यांची गत फार वेगळी नाही. गूगलचं आयगूगल २००५ ला आलं, १ नोव्हेंबर २०१३ ला गेलं; ते काम फोनच्या स्क्रीनने आणि ॲपनी घेतलं. याच धंद्यातली पॅरिसची नेटव्हाइब्ज कंपन्यांसाठी डॅशबोर्ड (सगळी माहिती एका पडद्यावर दाखवणारी पानं) करू लागली, म्हणून २०१२ मध्ये दासो सिस्टिम्स या सॉफ्टवेअर कंपनीने तिला विकत घेतलं.

वर्गणीवाल्यांचा हिशेब करून बघू. समजा, एक लाख वापरकर्ते, त्यातले ३ टक्के वर्षाला १,००० रुपये देतात. जमा ३० लाख. दोन बरे प्रोग्रॅमर आणि सर्व्हरचं भाडं यातच ते संपले. पानांची पूर्ण प्रत साठवत असाल तर साठवणुकीचा खर्च दरवर्षी चढतो, कारण जुनं कुणी पुसत नाही. एकट्या माणसाचा संसार यावर छान चालतो (पिनबोर्ड २००९ पासून तसंच चाललंय), पण बाहेरच्या भांडवलाला दहापट परतावा यातून निघणं अवघड. अशा कंपनीने पैसे मागितले तर नोंदणीचा आकडा बाजूला ठेवा. जपलेल्या दुव्यांपैकी ३० दिवसांत किती पुन्हा उघडले, आणि दुसऱ्या वर्षी किती जणांनी वर्गणी भरली, एवढं मागा. लोक हौसेने साठवतात आणि वाचत नाहीत, तिथेच नूतनीकरण गळतं.

उरलं पिंटरेस्ट. तेही मुळात चित्रांचं बुकमार्किंगच, पण स्वयंपाकघराच्या फरशीचे नमुने जपणारी बाई लवकरच फरशी घेणार असते, आणि जाहिरातदार त्याचेच पैसे देतो. शेअर एप्रिल २०१९ मध्ये १९ डॉलरला आला, फेब्रुवारी २०२१ मध्ये नव्वदीच्या जवळ गेला, २०२२ च्या मध्यात पुन्हा विशीच्या खाली. धंदा खरा असूनही चढ्या भावात घेणारा पोळला. निकाल वाचताना एकूण वापरकर्त्यांवर भाळू नका. २०२४ च्या शेवटच्या तिमाहीत अमेरिका-कॅनडातल्या एका वापरकर्त्यामागे सुमारे ९ डॉलर मिळाले, युरोप सोडून बाकी जगात २० सेंटच्या आसपास. भारतातली गर्दी वाढल्याने नफा तेवढा वाढत नाही.

या सगळ्यांत शेअरबाजारातून थेट घेता येण्यासारखं हे एवढंच, म्हणून माझा कौल यालाच, तोही थोड्या रकमेचा. इथून पैसे एलआरएसमधून (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) जातात, वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा. १० लाख रुपयांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) कापला जातो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर अडकतो. शेअर २४ महिन्यांहून जास्त ठेवला तर नफ्यावर १२.५ टक्के कर. विवरणपत्रात शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरायचं ते कॅलेंडर वर्षाप्रमाणे. इथे मार्चचा आकडा टाकून बरेच जण फसतात. आणि अमेरिकेतली मालमत्ता, हे शेअर धरून, ६०,००० डॉलरच्या वर गेली, तर मृत्यूनंतर वारसांपुढे तिथला इस्टेट टॅक्स (वारशाच्या मालमत्तेवरचा कर) उभा राहतो.