क्लिकर आठ महिने वापरल्यावर

आमचा कुत्रा बंड्या आता दीड वर्षाचा आहे. आठ महिन्यांपूर्वी बेल वाजली की तो भुंकत दाराकडे सुटायचा आणि आलेल्या माणसाच्या छातीवर दोन्ही पाय टेकवायचा. फिरायला नेलं की पट्टा ताणून मला ओढत न्यायचा. ओरडून, ढकलून झालं, पण त्याला तोही खेळच वाटायचा. शेवटी क्लिकर घेतला. मुठीत मावणारी प्लॅस्टिकची डबी, आत धातूची पत्ती, दाबली की 'टिक्'.

सुरुवातीला यात शिकवायचं काहीच नसतं. टिक् केलं की लगेच खाऊ, असं दहा-पंधरा वेळा. दोन दिवसांत बंड्या आवाज ऐकताच मान वळवून माझ्या हाताकडे बघू लागला. पद्धत जुनीच आहे. डॉल्फिन हवेत उडी मारत असताना त्याच्या तोंडात मासा देता येत नाही, म्हणून शिकवणारे नेमक्या क्षणी शिट्टी वाजवतात आणि मासा मागाहून देतात. इथे शिट्टीऐवजी टिक्.

खरी गंमत पहिल्या महिन्यात झाली. बंड्या अंगावर उडी मारायचा, मी 'बस' म्हणायचो, तो बसायचा, मी टिक् करून खाऊ द्यायचो. मी खूश. उड्या मात्र कमी होईनात, उलट वाढल्या. नंतर उलगडलं, की पठ्ठ्याने अख्खी साखळी पाठ केली होती : आधी उडी, मग बसणं, मग खाऊ. उडीशिवाय सुरुवातच नाही! मग क्रम बदलला. दार उघडताना चारही पाय जमिनीवर आहेत तेवढ्यातच टिक्, आणि खाऊ हातातून न देता खाली टाकायचा. नाक खाली गेलं की पाय वर येत नाहीत. उडी मारलीच तर सगळ्यांनी पाठ फिरवायची. पहिला आठवडा उड्या आणखी जोरात झाल्या. आजवर चालणारी युक्ती चालेना की कुत्रं ती आधी जास्त जोर लावून करून बघतं. तिथे आम्ही टिकलो. बाबा सोडून. ते अजून 'अरे आला माझा वाघ' म्हणत उडीसकट कुरवाळतात, त्यामुळे बाबांवरच्या उड्या आजही चालू आहेत.

पट्टा ओढणं बरंच कमी झालं. पट्टा सैल असताना टिक्, ताणला की मी जागच्या जागी थांबतो. पहिले काही दिवस कोपऱ्यापर्यंत जायला वीस मिनिटं लागायची. समोरून दुसरं कुत्रं आलं की मात्र सगळं शिक्षण पाण्यात.

एकटा राहिला की तो रडतो, त्यावर क्लिकरचा काडीचा उपयोग झाला नाही. ते भीतीपोटी आहे. त्यासाठी अर्ध्या मिनिटापासून हळूहळू वेळ वाढवत बाहेर जातोय.

वस्तूबद्दल तक्रारी दोन. आवाज सुरुवातीला इतका खणखणीत होता की बंड्या दचकायचा, म्हणून पहिला आठवडा डबी मोज्यात गुंडाळून वापरली. आणि सहाव्या महिन्यात पत्ती सैल पडली. टिक् कधी व्हायचं, कधी नाही, आणि तो गोंधळून माझ्या तोंडाकडे बघत बसायचा. दुसरा घ्यावा लागला. पट्टा, खाऊ आणि क्लिकर हे सगळं दोन हातांत मावत नाही, त्यामुळे घेणार असाल तर मनगटाला अडकवायची दोरी असलेलाच बघा.